फोटोखालची ओळ
डिंकाचा वास आला की कुळगावच्या घरातली ती रविवारची दुपार आठवते. अर्धांगवायूनंतर बाबा माणसं विसरायला लागले होते, म्हणून रोल धुऊन आणलेले घरच्यांचे फोटो मी जाड वहीत चिकटवत होते आणि प्रत्येकाखाली एकेक ओळ लिहीत होते. आठवडाभर उल्हासनगरच्या कापडदुकानात उभं राहून माझे पाय भरून आले होते. शेवटी माझा फोटो उरला आणि मला काही सुचेना. "बाबा, ही कोण ते तुम्हीच सांगा," मी म्हणाले. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "नाव नाय आठवत," म्हणाले. मग माझ्याकडून पेन घेऊन डाव्या हाताने वाकडंतिकडं लिहिलं, "ही फार दमते." बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, त्या फोटोखाली माझं नाव मी अजून लिहिलेलं नाही.