प्रतापरावांचा समुद्र

माझे भावोजी प्रतापराव लाड यांनी आयुष्यात चार धरणं, पाच-सहा साखर कारखाने आणि कितीतरी वसाहती उभ्या केल्या, आणि त्यातलं काहीच टेबलापेक्षा मोठं नव्हतं. ते मॉडेलं बनवायचे. यशवंतपूरला घाऊक बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं वर्कशॉप होतं. कुणी बिल्डर, कुणी सरकारी इंजिनियर नकाशे काखोटीला मारून यायचा, आणि भावोजी प्लायवुड, थर्मोकोल आणि हिरव्या रंगात बुडवलेला लाकडाचा भुसा यांतून त्याचं होऊ घातलेलं काम त्याच्यासमोर मांडून द्यायचे. एरवी तोंडातून शब्द काढायला पक्कड लागायची, पण झाडं कशी करायची हे विचारलंत तर मग तुमची सुटका नाही.

आमची घराणी शहाजीराजांच्या वेळेपासून बेंगळुरात. पुण्याचे पाहुणे आमची मराठी ऐकून गालात हसतात. हसू देत. माझी थोरली बहीण पद्मावती, आमची अक्का, या भावोजींना दिली, आणि त्यांना एकच मुलगा झाला, गिरीराज. एक्याण्णव साली कॉलेजच्या मुलांबरोबर तो किनाऱ्यावर सहलीला गेला. कोळ्यांची होडी घेऊन ही मुलं समुद्रातला एक खडक बघायला निघाली आणि होडी उलटली. बाकीचे सगळे पोहत आले किंवा वाहत आले. गिरीराज आलाच नाही, कुठल्याच रूपात.

देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, आमच्याकडे तशी रीत आहे. भटजी दोनदा घरी येऊन सांगून गेले. पोराला गती मिळायला हवी, असं नात्यातले सगळे म्हणाले. दोन्ही वेळा भावोजींनी मला अंगणात बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "विशू, तुझ्या अक्काचं मन अजून तयार नाही रे. स्वल्प थांबू या." आम्ही थांबलो. वर्षांमागून वर्षं गेली तरी थांबलोच.

त्या घरात जायला मला नको वाटायचं, स्पष्टच सांगतो. दर रविवारी सकाळी भावोजी गिरीराजची लुना मागच्या अंगणात काढायचे, पुसायचे आणि चालू करून पाच-दहा मिनिटं तशीच धडधडत ठेवायचे. गल्लीतली माणसं आवाजाने दाराकडे बघायची आणि मान फिरवायची. अक्का स्वयंपाकघराचं दार आतून लावून घ्यायची. दिवाळीला शिंप्याकडून एक शर्ट यायचा, आणि दर वर्षी तो छातीत थोडा सैल शिवलेला असायचा. "आता भरला असेल," भावोजी शर्टाची घडी घालत म्हणायचे, आणि माझ्याकडे बघून पुढे जोडायचे, "तुझ्या अक्काला बरं वाटतं." मी अक्कावर चिडायचो. एकदा तर तोंडावर बोललो, की तुझ्या हट्टापायी तो पोरगा अधांतरी लटकलाय. तिने मला कॉफी दिली.

अठ्ठ्याण्णवच्या अखेरीस भव्या नावाची एक मुलगी वर्कशॉपमध्ये आली. आमच्याच मराठी घरांतली, पर्यावरणाचे अहवाल करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला. कुणी एक उद्योगपती समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायच्या म्हणत होता, परदेशात करतात तशा. किनारपट्टीच्या नियमांमुळे त्याला सरकारी समितीची परवानगी लागणार होती, आणि समितीपुढे अहवालासोबत मॉडेल ठेवायचं होतं. भावोजींनी नकाशा टेबलावर पसरला. मीही तिथंच होतो. तो खडक मी आधी पाहिला, की त्यांनी, ते मला सांगता येणार नाही. दोघांनीही पाहिला.

मला वाटलं, नकाशा गुंडाळून परत देतील. त्यांनी काम घेतलं.

पवनचक्क्या सुरेख झाल्या. जुन्या टेपरेकॉर्डरच्या मोटरी घालून त्यांनी पाती फिरती केली. सगळी एकदम सुरू झाली की वर्कशॉपमध्ये बारीक घरघर भरून राहायची आणि मला तिथं बसवेना. भव्या मात्र समुद्रावर खूश नव्हती.

"अण्णा, पाणी पारदर्शक हवं," ती म्हणाली. "खांब तळात कुठं रुतणार, ते समितीला दिसायला पाहिजे."

भावोजींनी "सरी, बरं" म्हटलं आणि दाट निळा रंग दिला. ती पुन्हा आली, पुन्हा तेच म्हणाली. भावोजींनी आणखी एक हात मारला. आता तो समुद्र मी नोकरी करत होतो त्या बँकेच्या भिंतीसारखा दिसायला लागला. भव्या रडकुंडीला आली आणि शेवटी घरीच जाऊन अक्काला म्हणाली, तुम्ही तरी सांगा त्यांना.

अक्का वर्कशॉपमध्ये कधी यायची नाही. त्या दुपारी आली. चप्पल बाहेर काढून टेबलापाशी उभी राहिली, तो खडक बघितला, चक्क्यांच्या रांगा बघितल्या. मग भव्याला विचारलं, "तुमच्या अहवालात काय लिहितात गं?"

"आधी आज तिथं काय काय आहे ते. मासे, पक्षी, कासवं, कोळ्यांच्या जाळ्यांच्या जागा. मग खांब ठोकल्यावर यातल्या कुणाला काय त्रास होईल ते."

"सगळं लिहितात?"

"जे जे आहे ते सगळं, अक्का."

"माणसं?"

"किनाऱ्यावरच्या गावातली. समुद्रात कुठली माणसं?"

अक्का भावोजींकडे वळली. भावोजी ब्रश धूत होते, धुतच राहिले. मग ती त्यांना म्हणाली, "अहो, तळ दाखवा त्यांना." एवढंच म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात भावोजींनी निळी फळी उखडून काढली आणि तिथं काचेसारखं ॲक्रिलिक बसवलं. खाली वाळू, खडकाची मुळं, खोल घळी. मी वाकून बघितलं. नखाएवढ्या जागेत कुठंतरी आपला पोरगा आहे, हे मनातून जाईना.

सुनावणी मार्चमध्ये झाली, बेंगळुरातच, एका सरकारी सभागृहात. किनाऱ्यावरून मच्छीमार बस करून आले होते. त्यांनी जाळी, होड्या, बांगडा, सगळं मुद्देसूद मांडलं, आणि समितीचे साहेब मान डोलावत ऐकत होते. मॉडेलाशेजारी भावोजी बटणं सांभाळत उभे होते. पाती फिरत होती. अक्का माझ्या शेजारी बसली होती. तू का येतेस, असं मी विचारलं होतं, तर ती चपला घालून पुढे निघाली होती. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, आणखी कुणाला बोलायचंय? आणि अक्का उठली.

मी पदर ओढला, तिने सोडवून घेतला.

"कुठल्या गावच्या, अम्मा?" अध्यक्षांनी कन्नडमध्ये विचारलं.

"इथलीच. श्रीरामपुरम."

"मग कसं चालेल? या प्रकल्पाने ज्यांचं काही बाधित होतं, त्यांचंच आम्ही नोंदवतो. तसा नियम आहे. तुमचा त्या समुद्राशी काय संबंध?" माणूस उर्मट नव्हता. नियमाचा होता.

अक्काने पुढच्या खुर्चीची पाठ धरली. आठ वर्षांत तिच्या तोंडून जे वाक्य मी ऐकलं नव्हतं, ते तिने त्या परक्या माणसांपुढे, माइकशिवाय, सबंध सभागृहाला ऐकू जाईल असं म्हटलं.

"माझा मुलगा त्या पाण्यात वारला. देह मिळाला नाही. त्या खडकाच्या बाजूला तो आहे, आणि तुम्ही तिथं खांब ठोकताय. ठोका किंवा ठोकू नका, मी अडवायला आले नाही. पण तिथं काय काय आहे ते लिहिताय ना, तर त्याला लिहा."

मच्छीमारांच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोक्यावर पदर घेतला. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि शेजारच्या कारकुनाला म्हणाले, "घ्या लिहून." मला हुंदका आवरेना. सुटली बिचारी, मला वाटलं. आता पुतळा होईल, अग्नी देता येईल.

"मुलाचं नाव?" कारकुनाने विचारलं.

"गिरीराज प्रतापराव लाड."

"वय?"

"एकोणीस," अक्का म्हणाली.

आणि त्याच क्षणी मॉडेलापाशी उभे असलेले भावोजी, कुणी विचारलेलं नसताना, मोठ्याने आणि अगदी सहज म्हणाले, "सत्तावीस."

कारकुनाने मान वर केली. त्याने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. भावोजींच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. चुकीचा आकडा दुरुस्त केल्यावर माणूस उभा राहतो तसे ते उभे होते. त्या शर्टांच्या छात्या कुणाच्या मनासाठी सैल होत होत्या, ते मला तेव्हा कळलं. अक्काला ते पहिल्यापासून माहीत होतं. आमची सगळ्यांची बोलणी तिने त्यांच्यासाठी खाल्ली होती.

ती रांगेतून बाहेर पडली. चालत मॉडेलापर्यंत गेली, आणि सगळ्या सभागृहादेखत तिने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"अहो," ती आमच्या घरातल्या मराठीत म्हणाली, "एकोणीसच."