ओळीत लावलेले दगड

गावात तिला सगळे इस्त्रीकाकू म्हणत. नाव धंद्यावरून पडलं होतं, पण स्वभावालाही चपखल बसायचं. वाकडं काही तिला बघवत नसे. दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायला गेली तरी फडताळातले पेले सरळ करून यायची. नवरा गवंडी. तो म्हणायचा, "हिच्या घरात झोपायचं तर ओळंबा लावून झोपावं लागतं."

तिच्या दुकानाला लागून शिंपिणीचं दुकान होतं. मधल्या फळ्यांच्या भिंतीत एक लहान खिडकी. शिंपीण शिवलेला कपडा त्यातून सरकवायची, ही इस्त्री करून परत द्यायची. कपड्यांबरोबर नवऱ्यांची गाऱ्हाणी, पोरांची दुखणी, सगळंच त्या खिडकीतून ये-जा करायचं. शिंपिणीचं घर गावातलं शेवटचं ज्यू घर. बाकीची एकेक करून निघून गेली होती, कुणी शहरात, कुणी समुद्रापलीकडे. शेवटी शिंपीणही लेकीकडे निघाली, तेव्हा टेकडीखालच्या त्यांच्या कबरस्तानाची किल्ली तिनं हिच्या हातात ठेवली. "आई एकटी आहे तिथं. बघत जा गं," एवढंच म्हणाली.

किल्लीला तसा अर्थ उरला नव्हता. कुंपणाची पुढची बाजू केव्हाच पडली होती. आत छातीइतकी काटेरी झुडपं, गुरांची शेणं, कलंडलेले दगड. त्यातलेही महिन्याला एखाददुसरे कमी व्हायचे. फुकटचा घडीव दगड कोण सोडतो? एकाच्या गोठ्याची पायरी अशाच दगडाची होती. अक्षरं खाली आणि शेण वर. खुद्द हिच्या नणंदेनं एक कपडे आपटायला परसात आणून टाकला. ही तावातावानं भांडायला गेली तर नणंद शांतपणे म्हणाली, "मेलेल्यांना दगड काय करायचाय? आणि तुझी कोण लागतात गं ती?" त्यानंतर दोघींचं बोलणं बंद झालं ते झालंच.

मग तिनं नवऱ्याच्या मागं टुमणं लावलं. त्याची कंबर दुखायची, पण बायकोच्या तोंडापेक्षा पहार परवडली. उरलेसुरले सगळे दगड त्यानं उपटले, ओढत मागच्या धड उरलेल्या भिंतीशी आणले आणि सिमेंटात घट्ट रोवले. आता कुणाच्या बापाला हलले नसते. ही शेजारी उभी राहून लावून घेत होती, बुटक्यापासून उंचापर्यंत, फडताळातल्या घड्यांसारखे. मग झुडपं तोडली, खड्डे भरले, माती चोपून सारखी केली. गाव हसलं. ती पुढं दर आठवड्याला जाऊन गवत काढत राहिली. नवरा गेल्यावरही. आपल्या हातून एक तरी काम चोख झालं असं तिला वाटायचं.

यंदा शिंपिणीच्या लेकीचा फोन आला. आईनं अंथरूण धरलंय, डॉक्टरांनी हात टेकलेत, आणि तिचा एकच धोशा आहे, मला माझ्या आईशेजारी ठेवा. जागा बघायला येते, मावशी.

लेक आली. काकू तिला थेट तिच्या आजीच्या, दोन मेणबत्त्या कोरलेल्या दगडापाशी घेऊन गेली. अक्षरं वाचता येत नसली तरी हा दगड तिनं अंधारातही ओळखला असता. लेकीनं अक्षरांवरून बोट फिरवलं, डोळे पुसले, आणि मग खाली बघितलं. दगडाच्या पायाशी सिमेंट होतं, लगेच पुढचा दगड, लगेच त्याच्या पुढचा. दोहोंमध्ये वीतभरही अंतर नव्हतं.

"मावशी, हा दगड पहिल्यापासून इथंच होता?"

"छे गं," काकू कौतुकानं म्हणाली. "सगळे विस्कटलेले होते. आम्ही आणून लावले."

"मग आजी कुठं आहे?"

काकूनं मागं वळून बघितलं. सपाट जमीन. इथं एक झाड होतं, त्याच्या अलीकडे, की पलीकडे? झाडाचा बुंधाही तिनंच खणून काढायला लावला होता. पडक्या कुंपणाच्या बाजूला असेल, ती म्हणाली; मग म्हणाली, नाही, मधे असेल.

लेक रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात समजावत राहिली, की आमच्यात पुरलेल्याला हलवत नाहीत. कुदळ कुठंही मारली तरी कुणाच्या तरी अंगावर बसायची. इथं आता कुणालाच ठेवता येणार नाही.

तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. ती ऐकत राहिली, मग तिनं तो काकूच्या कानाला लावला.

"अगं, आईशेजारी जागा आहे ना?" शिंपिणीचा आवाज सुतासारखा बारीक झाला होता.

"आहे," काकू म्हणाली. "ऐसपैस आहे."

"तण माजलं असेल."

"एक काडी नाही. सगळं सरळ करून ठेवलंय."

"तुझं काम, मग काय बघायचं," शिंपीण म्हणाली, हसायला गेली आणि खोकत राहिली.

लेकीनं फोन बंद केला. शहरातल्या कबरस्तानात सोय बघते, म्हणाली.

"तिथं तिच्या ओळखीचं कुणी आहे?" काकूनं विचारलं.

"कुणी नाही."

लेक भिंतीच्या कडेकडेनं, अंग चोरून बाहेर पडली. काकूला मधूनच जायची सवय. पण समोरच्या त्या सारख्या केलेल्या जमिनीवर पाऊल कुठं टाकावं, ते आज तिला कळेना. ती तिथंच उभी राहिली.