बुद्धापाशी थांबायचं

जीवनराव पगारे म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. ओझरच्या विमान कारखान्यात सारी हयात गेली. आपल्या हाताखालून गेलेला रिवेट दुसऱ्या कुणाला तपासावा लागला नाही, हे ते कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. बायको दीपमाला महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. दोघं निवृत्त झाली, मुलगी वेदिका पुण्यात संसाराला लागली, आणि जीवनरावांनी जाहीर केलं, की आता बँकॉक बघायचं. तेही पाठीवर सॅक टाकून, पोरंपोरी फिरतात तसं.

"झेंडा धरलेल्या गाइडच्या मागं शेळ्यांसारखं कोण जाईल?" ते म्हणाले.

शेजारच्या धोंडाबाईंनी कपाळाला हात लावला. "साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काय खोटं नाय."

सगळे हसले. दीपमालाही हसली, पण तिचं हसू तिलाच खोटं वाटलं. कारण आदल्याच महिन्यात जीवनराव एका सकाळी आंघोळ करून, रिकामा डबा पिशवीत घालून कारखान्याच्या गेटवर जाऊन उभे राहिले होते. निवृत्त होऊन वर्षं लोटली होती. ओळखीच्या वॉचमननं चहा पाजून घरी पाठवलं. घरी येऊन त्यांनी स्वतःच तो किस्सा रंगवून सांगितला, "सवय गं, जित्याची खोड." दीपमालेच्या मनात मात्र पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. मग नवी सॅक घरात आली. विमानाचे सांधे जुळवणारे ते हात सॅकच्या साध्या बकलाशी कितीतरी वेळ झटत राहिले, आणि शेवटी जीवनरावांनी पट्ट्याला चक्क गाठ मारली.

वेदिकाला तिनं यातलं काही कळू दिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. सहलीवरून परत आल्यावर डॉक्टरला दाखवू, असं तिनं ठरवलं. खरं सांगायचं तर ती घाबरली होती. डॉक्टरनं त्या गोष्टीला एकदा नाव दिलं, की सहल कसली अन् कसलं काय. जे यायचं ते यायच्या आधी नवऱ्याबरोबर एकदा मनसोक्त भटकून घ्यावं, एवढाच तिचा लोभ होता.

निघताना विमानतळावर जीवनरावांनी घरचा जुना नियम पुन्हा बजावला. वेदिका लहान असताना बुद्धपौर्णिमेला नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी गर्दीत हरवली होती. तिघंही एकमेकांना शोधत गोल गोल फिरत राहिले होते. तेव्हापासून पगाऱ्यांच्या घरात नियमच पडला. चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही, सरळ बुद्धमूर्तीपाशी जाऊन थांबायचं. पायथ्याच्या विहारात मूर्ती एकच, कॉलनीच्या विहारातही एकच, त्यामुळं नियम कधी फसला नाही.

"बुद्धापाशी थांबायचं," जीवनराव म्हणाले. "तिथून हलायचं नाही."

"हो, माहीत आहे," दीपमाला म्हणाली. शाळेत आयुष्य घालवलेल्या त्या बाईला तेव्हा पुढचा प्रश्न सुचला नाही.

पहिले काही दिवस मजेत गेले. नदीजवळच्या गल्लीत एक स्वस्त खोली मिळाली. खाली भाताचं हॉटेल होतं. सकाळी भगव्या चीवरातले भिक्खू भिक्षेला निघत. जीवनराव दारात हात जोडून उभे राहत आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. बाजारात झेंडूच्या माळांचे ढीग बघून म्हणाले, "आपल्या मखमलाबादचाच माल आहे हा." दीपमाला खळखळून हसली. उगाच भिऊन होतो आपण, असं तिला वाटायला लागलं.

मग एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "वेदीला शाळेत तू सोडणार की मी?"

ती उत्तर देईपर्यंत तेच हसले. "गंमत केली." पण त्यांच्या तोंडावर गंमत नव्हती, भीती होती. ती तिनं पाहिली, आणि तिनं पाहिलं हे त्यांनीही पाहिलं.

त्याच दिवशी धक्क्यावर घात झाला. तिथल्या नदीतली बोट म्हणजे घाईची बोट. मागच्या टोकाचा माणूस शिट्टी फुंकतो, बोट धक्क्याला टेकते, माणसं उड्या टाकतात, की निघाली. दीपमालेनं उडी टाकली. जीवनराव मागेच आहेत असं धरून ती आत सरकली आणि वळून बघते तर ते धक्क्यावरच उभे. बोट लांब जात होती आणि ते हात हलवत होते. कुणा पाहुण्याला निरोप द्यावा तसा, अगदी सावकाश.

पुढच्या धक्क्यावर उतरून ती परत येईपर्यंत ते तिथं नव्हते. त्यांचा फोन चार्जिंगला लावलेला, खोलीतच राहिला होता. पासपोर्ट, पैसे, लॉजचा पत्ता, सगळं तिच्या निळ्या सॅकमध्ये. तरी क्षणभर तिला हायसं वाटलं. नियम आहे ना. ते बुद्धापाशीच गेले असणार.

तिनं तिकीट विकणाऱ्या मुलीला विचारलं, "बुद्धा? टेंपल?"

मुलगी गोड हसली. तिनं डावीकडं हात केला, मग उजवीकडं, मग नदीच्या पलीकडं.

दीपमाला तिथंच मटकन बसली. बुद्धाच्या देशात बुद्धापाशी थांबायचं ठरवून आली होती ती दोघं.

उठली आणि चालत सुटली. पहिल्या देवळात उभा बुद्ध होता, दुसऱ्यात बसलेला. दुकानाच्या गल्ल्यावर बुद्ध, झाडाखाली बुद्ध, लॉजच्या बोळाच्या तोंडाशी बुद्ध. आयुष्यभर ज्या मुद्रेपुढं तिला शांत वाटलं, तीच आता जिथं तिथं दिसे आणि तिला पुढच्या मूर्तीकडं पळवी. पोलिसाला फोटो दाखवला. त्यानं लिहून घेतलं आणि खोलीवर थांबा अशी खूण केली. पण खोलीवर थांबणं तिला शक्यच नव्हतं. वेदिकाला फोन लावावा म्हणून मोबाइल काढला आणि परत ठेवला. काय सांगणार होती? की मला ठाऊक होतं, तरी आणलं?

उन्हं कलली तेव्हा ती एका जुन्या देवळात शिरली. पायताण आणि सॅक दाराशी ठेवली. आत अंगणाभोवती ओवऱ्या, आणि ओवऱ्यांत ओळीनं बसलेले सोनेरी बुद्ध, सगळे एकसारखे. त्यातल्या एकापुढं जीवनराव मांडी घालून बसले होते. पाठीवर सॅक, पट्ट्याला गाठ.

ती धावत बाजूनं आली आणि त्यांच्याजवळ बसली. रडूच फुटलं तिला.

जीवनराव अदबीनं थोडे सरकले. "ताई, जरा पलीकडं बसता का? इथं माझी मिसेस येणार आहे."

दीपमालेचं रडू जागच्या जागी थांबलं. ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. तिथं थट्टा नव्हती. मग वर्गात पोर अडलं की ती धडा पहिल्या ओळीपासून घ्यायची, तसं काहीसं तिच्या मनात आलं असावं. ती उठली, बाहेर गेली, निळी सॅक पाठीवर चढवली आणि समोरच्या दारानं, त्यांना दिसेल अशी चालत आली.

"आलीस?" जीवनराव म्हणाले. "किती उशीर. पण मी हललो नाही बघ."

"शहाणे आहात," ती म्हणाली.

नाशिकला आल्यावर डॉक्टरनं त्या गोष्टीला नाव दिलं. वेदिका रागावली, रडली, येऊन राहून गेली. जीवनराव आता रोज संध्याकाळी कॉलनीच्या विहारात जाऊन बसतात. दीपमाला थोड्या वेळानं सॅक पाठीवर टाकून घरून निघते. कॉलनीतल्या बायका आधी बघत राहायच्या, आता बघत नाहीत. ती समोरच्या दारानं येते, ते म्हणतात, "आलीस?" आणि दोघं घरी जातात. एवढ्या एका शब्दावर तिचा दिवस निघतो, आणि आज तो शब्द येईल का, हे रोज पायऱ्या चढताना तिला ठाऊक नसतं.

परवा ती आली. समोरच्या दारानं, निळी सॅक घेऊन, अगदी सावकाश. जीवनरावांनी मान वर केली, तिच्याकडं नीट बघितलं.

"ताई," ते म्हणाले, "वाटेत माझी मिसेस दिसली का? पाठीवर निळी सॅक असेल."

दीपमाला उंबऱ्यातच थबकली. परत बाहेर जाऊन यावं का, असं तिच्या मनात आलं. पण पाय वळले नाहीत.

"दिसली," ती म्हणाली. "येतेय ती. निघालीय घरून."

"मग बसा की. ती येईपर्यंत थांबू."

पाठीवरची सॅक न काढता ती त्यांच्या शेजारी बसली.