बोलणारं बटन

माझे गणिताचे सर उत्तर चुकलं म्हणून कधी चिडायचे नाहीत. उत्तर बरोबर आणि पायऱ्या जास्त, असं झालं की मात्र त्यांचं डोकं फिरायचं. वहीच्या समासात लाल शाईनं एकच शब्द लिहायचे, ‘वळसा’, आणि अर्धा मार्क कापायचे. मी एकदा तणतणत जाऊन विचारलं, उत्तर तर बरोबर आहे ना? तर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, “डोणगावाहून मेहकरले जाशीन तर लोणारावरून कायले जाशीन? पोहोचशीन, पन दिवस कोनाचा जाईन?” वर्ग फिदीफिदी हसला. त्या अर्ध्या मार्काचा राग मला दहावीच्या निकालापर्यंत पुरला.

पुढे मी पुण्याला गेले, वेबसाइट बनवायला शिकले, आणि काही वर्षांनी तेच काम घेऊन डोणगावात परत आले. आता आमच्या पुढच्या खोलीत बसून मी पुण्यातल्या लोकांसाठी पानं बनवते. गावातल्या बऱ्याच जणांना मी घरी बसून नेमकं काय करते ते कळत नाही. मीही समजावून सांगायचं सोडून दिलंय. सर मधल्या काळात निवृत्त झाले आणि काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू गेली. आधी पुस्तक गेलं, मग पेपर, मग माणसांचे चेहरे.

माझे बाबा विहारातलं वाचनालय सांभाळतात. सर तिथले सर्वात जुने वाचक. ते यायचे बंद झाले तेव्हा बाबांना राहवेना. त्यांनी गावातल्या चार-पाच जणांना हाताशी धरलं, पुस्तकं मोठ्यानं वाचून फोनवर रेकॉर्ड करायला लावली, आणि स्वतःही वाचू लागले. ती रेकॉर्डिंगं सरांच्या फोनवर जायची. तिथे ती लग्नपत्रिका आणि सुप्रभातच्या फुलांखाली गडप व्हायची. मग सर मला फोन करायचे. “काम होतं जरा,” अशी सुरुवात. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा तो आवाज या तीन शब्दांत अगदी बारीक व्हायचा. ते मला ऐकवायचं नाही. कधी सून लावून द्यायची, कधी मी त्यांच्या घरी जाऊन लावून द्यायचे. ऐकायला मिळत नव्हतं असं नाही. पण त्यांना कोणाला हाक न मारता ऐकायचं होतं, आणि तेच जमत नव्हतं.

बाबा म्हणाले, सगळी रेकॉर्डिंगं एका ठिकाणी ठेवता येतील असं पान बनव. मी म्हटलं, त्यात काय, चुटकीसरशी बनवते.

बनवलंही. आणि काय बनवलं होतं! पुस्तकं विषयवार लावलेली, विषयावर बोट ठेवलं की तो पडद्यासारखा सरकत उघडायचा, दुसरा उघडला की पहिला अलगद मिटायचा. ऐकण्याचं बटन मी स्वतः रंगवलं होतं, गोल, निळं, मधे पांढरा त्रिकोण. पान उघडताच स्वागताची एक चौकट तरंगत वर यायची. या सगळ्या हालचालींसाठी मी जावास्क्रिप्ट लिहिलं होतं. पानावर काही हलवायचं, उघडायचं, मिटायचं म्हटलं की आम्ही मंडळी सवयीनं त्याच भाषेकडे धावतो. बाबांनी चष्मा पुसून पुसून पाहिलं आणि “झक्कास” म्हणाले. मी फुगून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांच्या ओसरीत जाऊन पान त्यांच्या फोनवर उघडलं. त्यांच्या फोनमध्ये वाचून दाखवणारी सोय आहे. काचेवर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते एक बाई बोलून सांगते. सर तिला ‘फोनातली बाई’ म्हणतात आणि तिच्याशी सुनेपेक्षा जास्त भांडतात. त्यांनी बोट फिरवलं. स्वागताची चौकट वर तरंगत होती आणि बाई मात्र तिच्यामागे झाकलेलं पान वाचत सुटली. चौकट मिटवायची कुठे, ते तिलाही ठाऊक नव्हतं. ती मीच मिटवली. सरांनी पुढे एका विषयावर बोट ठेवलं. बाईनं नाव वाचलं, पण तो उघडतो हे सांगितलं नाही, उघडल्यावर उघडला हेही सांगितलं नाही. मग बोट माझ्या निळ्या बटनावर आलं. बाई गप्प.

सरांनी बोट उचललं, पुन्हा ठेवलं. गप्प.

“बटन हाय ना इथीसा?” त्यांनी विचारलं.

“हो सर, तुमच्या बोटाखालीच आहे.”

“मंग थे बोलत काऊन नाही?”

मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि रेकॉर्डिंग सुरू करून दिलं. बाबांचा आवाज ओसरीभर झाला. सर थोडा वेळ ऐकत राहिले, मग हात वर करून मला थांबवायला सांगितलं. “हे त तू करून देल्लं. उद्या कोन करून देईन?” असं म्हणून त्यांनी फोन घडी केलेल्या टॉवेलखाली ठेवून दिला.

घरी येऊन मी बाबांवर डाफरले. फोन जुना आहे, नेटला रेंज नाही, एका माणसासाठी सगळं बदलायचं का, असं बरंच काही बोलले. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “एका मानसासाठीच त बनवलं होतं.”

त्या दिवशी गावात बाजार होता, बाहेर भाजीवाल्यांचा कालवा चालला होता. मी खोलीचं दार लावलं, माझ्या फोनवर ती वाचणारी बाई सुरू केली, डोळ्यांवर ओढणी बांधली आणि मीच बनवलेल्या पानावर एक रेकॉर्डिंग शोधायला बसले. बाहेरची गवार-भेंडी विकून संपत आली, तरी मला ते सापडेना. स्वतःच्याच घरात मी दार चाचपत होते. मला लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

ओढणी सोडल्यावर मी माझंच लिखाण वरून खाली वाचलं. माझं निळं बटन हे बटन नव्हतंच. तो एक रंगवलेला रिकामा चौकोन होता आणि त्याच्यामागे जावास्क्रिप्ट लपून बसलं होतं. डोळस माणसाला तो बटन वाटायचा, फोनातल्या बाईला मात्र तिथे काहीच दिसत नव्हतं. आणि खरं बटन एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान ज्या भाषेत लिहितात तिच्यात, कधीपासूनच आहे. एक साधा शब्द लिहिला की बटन होतं, आणि ब्राउझरच बाईला सांगतो की हे बटन आहे, अमुक करतं, दोनदा टिचकी मारा.

मग मी कापायला घेतलं. सरकत्या विषयांच्या जागी ‘डिटेल्स’ नावाचा तयार टॅग, म्हणजे तसाच एक शब्द, आला. त्याला उघडायचं-मिटायचं उपजतच येतं, आणि सगळ्यांना एकच नाव दिलं की एक उघडल्यावर दुसरा आपोआप मिटतो. हेच करायला मी पानभर लिहिलं होतं! ऐकायच्या बटनाच्या जागी ब्राउझरचा स्वतःचा ऑडिओ टॅग आला. स्वागताची चौकट काढून टाकली, कारण स्वागत कोणी मागितलंच नव्हतं. मदतीची एक छोटी चौकट ठेवली, तीही आता ‘पॉपओव्हर’ म्हणून दोन शब्दांत उघडते आणि मिटते. पुस्तकाची मागणी करायच्या फॉर्ममध्ये नाव राहिलं तर आठवण करायला ‘रिक्वायर्ड’ एवढं लिहिलं, बस. चुकलेला रकाना लाल करायचं आणि उघडलेल्या विषयाला रंग द्यायचं काम पानाचं रंगरूप सांभाळणाऱ्या सीएसएसनं अंगावर घेतलं. शेवटी जावास्क्रिप्टच्या मोजक्याच ओळी उरल्या, ऐकणं कुठे थांबलं होतं ते लक्षात ठेवणाऱ्या. त्या गरजेच्या होत्या, म्हणून राहिल्या. बाकीच्या पुसताना मला समासात लाल शाई दिसत होती.

ज्यांनी कुठेतरी बसून हे टॅग ठरवले, ब्राउझरमध्ये घातले आणि फुकट देऊन टाकले, त्यांची नावंही मला माहीत नाहीत. सरांची भाषा त्यांना येत नसणार आणि डोणगाव नकाशावर सापडणार नाही. तरी त्यांनी सरांचा विचार माझ्या आधी करून ठेवला होता. हे कळल्यावर मला भरून आलं.

नवं पान घेऊन मी पुन्हा ओसरीत गेले. या वेळी हात मांडीखाली दाबून बसले. सरांचं बोट फिरलं. बाई म्हणाली, प्रवासवर्णनं, मिटलेलं आहे. सरांनी दोनदा टिचकी मारली. बाई म्हणाली, उघडलं आहे. बोट खाली सरकलं. प्ले, बटन. सर थबकले. त्यांचा चेहरा माझ्याकडे वळला, थोडा चुकून भिंतीकडेच. “बोललं,” ते म्हणाले. टिचकी मारली आणि बाबांचा आवाज सुरू झाला. मी एक शब्द बोलले नव्हते, हात हलवला नव्हता. सर पाच-सात मिनिटं ऐकत राहिले, मग म्हणाले, “तुया बाप पूर्णविरामाले थांबतच नाही वं.”

मार्क किती, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

त्यानंतर सरांचा फोन यायचा बंद झाला. एक आठवडा गेला, दोन गेले. वाचनालयाच्या फॉर्मवर त्यांच्या मागण्या यायच्या, बोलून टाइप केलेल्या. बाबा खूश. मी मात्र आतून खट्टू झाले होते. सरांना माझी गरज उरू नये म्हणूनच मी एवढा आटापिटा केला होता, आणि आता ती उरली नाही तर माझंच तोंड लहान झालं होतं. माणूस किती चमत्कारिक असतो ते तेव्हा कळलं.

मग एका सकाळी मी ज्वारीचं पीठ मळत असताना फोन वाजला. पडद्यावर ‘सर’. वाटलं, पान बिघडलं. पिठाच्या हातानंच उचलला.

“बोला सर, काय काम होतं?”

“काई काम नाही,” सर म्हणाले. आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा होता. “म्हनूनच केला.”