ओळंब्यातली भिंत

बिलियाती गवंड्यानं आदल्या दिवशी रचलेले तीन थर सकाळी पुन्हा उतरवायला घेतले, तेव्हा ओढ्यावरून पाण्याच्या बादल्या डोक्यावर घेऊन आलेल्या बायका जागच्या जागी थांबल्या.

"परत?" त्याच्या मुलीनं, तामंडानं विचारलं.

"ओळंब्यात नव्हती."

"या आठवड्यात तिसऱ्यांदा," मागची एक जण म्हणाली. "भिंत आहे का पिऊन घरी निघालेला नवरा?"

बायका हसल्या. बिलियातीही हसला, पण त्यानं वर पाहिलं नाही. एकेक वीट सोडवून, गारा खरवडून तो बाजूला रचत राहिला. पायावरच्या भिंतीला मातीचाच गारा होता, त्यामुळे कालचं काम आज सहज सुटत होतं.

अडतीस वर्षांपूर्वी तो सायकलवरून या गावात आला, तेव्हा बाविशीत होता. इकडे लग्न झालं की मुलगा बायकोच्या गावी जातो. घर बायकोचं, शेत बायकोचं, मुलंही तिच्याच माहेरची. सगळेच पुरुष घरजावई, तेव्हा त्याची कोणी लाज धरत नाही. पण टोमणेही कोणी सोडत नाही. पहिल्या वर्षी सासूनं त्याच्याकडून मक्याचं अख्खं रान खणून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "ठीक आहे. बैल म्हणून चालेल, माणूस म्हणून बघू." व्हेलोनिका, त्याची बायको, हे वाक्य मरेपर्यंत सांगून हसायची.

त्यानं त्या गावात एकवीस घरं बांधली. एकही त्याचं नव्हतं.

ही भिंत शाळेची, आणि शाळेचा ध्यास व्हेलोनिकाचा. मुलं नदीपलीकडच्या शाळेत जायची आणि पाणी चढलं की चार महिने घरी बसायची. जी धाकटी तेवढंही चालू शकत नव्हती ती आंब्याखाली बसून फळ्यावरची अक्षरं धुळीत गिरवायची. शहरातल्या एका संस्थेनं कळवलं की विटा, वाळू, पाणी आणि हात गावाचे असतील तर पायाचं सिमेंट, लिंटलचं, म्हणजे दारं-खिडक्यांवरच्या आडव्या पट्टीचं, लोखंड आणि छपराचे पत्रे आम्ही देऊ. मात्र पत्रे भिंती लिंटलला पोचल्यावरच. मग व्हेलोनिका घराघरात फिरली. प्रत्येक घरानं आपल्या वाट्याच्या विटा थापल्या आणि कुणाचा वाटा किती ते कळावं म्हणून ओल्या विटेवर आपापली खूण केली. कुणी काडीनं रेघ मारली, कुणी मक्याचा दाणा दाबला. व्हेलोनिकानं अंगठा उमटवला. भट्टी पेटली त्या आठवड्यात तिला ताप चढला. भट्टी थंड झाली तेव्हा ती नव्हती.

बायको गेली की जावयाचं त्या गावात काही उरत नाही. दुखवटा संपला की सासरची माणसं त्याला रीतसर निरोप देतात आणि तो आपल्या आईच्या गावी परततो. बिलियातीची आई जाऊन वीस वर्षं झाली होती. बहिणीही गेल्या होत्या. भाचे होते, त्यांची तोंडं त्याला आठवत नव्हती. निरोपाचा दिवस ठरायचा होता, तेव्हा वॉटिसोनी म्हणाला, "शाळेच्या भिंती लिंटलला लागू देत. मग दाजींना सोडू." वॉटिसोनी व्हेलोनिकाचा थोरला भाऊ, घराण्याचा कर्ता, पोराबाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्याला मामाच म्हणत.

म्हणजे बिलियातीच्या हाती जेवढे दिवस होते, तेवढे त्या भिंतीच्या उंचीत होते.

त्या दुपारी संस्थेची तियामिके मोटारसायकलवरून आली. पोरसवदा, पण कामाला चोख. तिनं सगळ्या भिंती मापल्या आणि कपाळाला आठी घातली.

"बाबा, दहा नोव्हेंबरला ट्रक निघतो. पाऊस लागला की हा रस्ता बंद. तोवर लिंटल झालं नाही तर पत्रे यादीतल्या पुढच्या गावाला जातील. आणि उघड्या भिंतीवर चार पाऊस पडले तर गारा धुऊन जाईल. मग पुढच्या वर्षी विटांपासून सुरुवात."

"होईल."

"तीन आठवड्यांपूर्वी इथंच होतात." तिनं अजून न उतरवलेल्या टोकाला ओळंबा सोडला. दोरी थरथरली आणि थांबली. तिनं दुसऱ्या बाजूनं सोडला, मग आडवी पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मधे. "यात चूक कुठे आहे?"

बिलियाती हातातली वीट खरवडत राहिला. बादल्या रिकाम्या करत असलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. तियामिके काय ते समजली नाही. तिनं वहीत तारीख लिहिली आणि निघाली. तामंडाला मात्र समजलं. ती रिकामी बादली पालथी घालून त्याच्यासमोर बसली.

"पाडलेल्या ढिगात आईच्याच विटा जास्त का आहेत, आबा?"

"हाताला लागतात."

"हाताला लागतात, का तुम्ही शोधता?"

त्यानं विटेवरची माती झटकली. "लिंटल झालं की मामा मला बोलावतील. तू इथली, तुझी पोरं इथली. तुझी आई इथं पुरलेली. मी तिकडे जाऊन कुणाच्या दारात बसू?"

तामंडाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. "तुम्ही राहावं असं मला वाटत नाही होय? पण हे पाणी मी डोक्यावरनं आणलंय. रोज चार खेपा. माझी झिओने आंब्याखाली बसते. पाऊस आला की तेही नाही. तुम्ही आईची शाळा पाडताय, आबा, आपल्या हातानं."

तेवढ्यात वॉटिसोनीमामा काठी टेकत आला. त्यानं किती ऐकलं होतं कोण जाणे. तो विटांच्या ढिगावर टेकला.

"दाजी, रीत माझ्या बापानं केली नाही, त्यामुळे मला मोडताही येत नाही. एकाला ठेवला तर प्रत्येक घर विचारील."

"मी मागितलं काही?"

"नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं. नाही म्हणून मोकळा तरी झालो असतो." थोडा वेळ तो काठीनं माती उकरत बसला. "बहीण मला फार बोलायची. म्हणायची, माझा नवरा गवंडी आहे, तुझ्यासारखा नुसता मामा नाही."

बिलियातीला हसू आलं. त्यानं थापी उचलली आणि तामंडाला म्हणाला, "पाणी ओत."

त्यानंतर त्यानं काही पाडलं नाही. सातव्या दिवशी भिंती खिडक्यांच्या डोक्याला पोचल्या. नऊ तारखेला लिंटल ओतलं. दहाला ट्रक आला आणि पत्रे उतरताना सगळं गाव खणाणलं. दोन दिवसांनी वॉटिसोनीनं घराण्याला जमवलं, पूर्वजांसाठी जमिनीवर मक्याची बिअर शिंपडली, बिलियातीच्या हाती नवी कुदळ दिली आणि म्हणाला, "आमच्याकडून तुम्ही मोकळे." बिलियातीनं मान लववली. सायकल-टॅक्सीवर त्याची पेटी बांधली गेली तेव्हा छपरावर अजून खिळे ठोकले जात होते.

जन्मगावी भाच्यांनी त्याला एक झोपडी दिली. माणसं चांगली होती. न्सिमा, म्हणजे मक्याची घट्ट उकड, वाढताना आधी त्याला वाढत. पण "मामा, तुमच्याकडे" असं म्हणताना ते नेहमी त्या दुसऱ्या गावाबद्दल बोलत. तोही तसंच बोलायचा.

पाऊस संपता संपता तामंडाचा फोन आला. शाळा भरते, झिओने पहिल्या बाकावर बसते, मामाचा गुडघा दुखतो, असं तिनं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग त्यानं विचारलं, "भिंतीला कुठे तडा बिडा?"

"नाही."

"पश्चिमेच्या बाजूला बघ. पाऊस तिकडून मारतो. नवीन भिंत असते, कुठंतरी बसतेच. तडा असेल तर मामांना सांग, मी येऊन बघून जाईन. दोन दिवसांचं काम."

ती फोन धरूनच शाळेला वळसा घालून आली. पायाखालचा चिखल, पोरांची एकसुरी ओरड, मधेच कोंबडीची फडफड, सगळं त्याला ऐकू येत होतं. त्यानं फोन कानाशी दाबून धरला.

"केसाएवढाही नाही, आबा," ती म्हणाली. "सगळी पाहिली."

"नीट पाहिलीस?"

"हात फिरवून पाहिली."

"बरं," बिलियाती म्हणाला. "पुढच्या पावसानंतर परत बघ."