ठणठणीत अक्का

अक्का पडल्या की आधी ओरडत नसत. आधी इकडेतिकडे बघत आणि विचारत, "कोणी पाहिलं का?"

आमची पहिली भेट अशीच झाली. दोह्यातल्या मदिनत खलीफा भागातल्या त्या आवाराचं फाटक ढकलून मी बॅग ओढत आत शिरले, तर बोगनवेलीखाली एक आजी जमिनीवर बसलेल्या. पदर नीट, चष्मा मात्र एका कानावर लोंबकळत होता. मी धावत गेले. "लागलं का हो?" तर उत्तर काय, "कोणी पाहिलं का?"

"मी पाहिलं," मी म्हटलं.

"तू कोण?"

"वरच्या खोलीत राहायला आलेय. मुक्ता."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि हात पुढे केला. "म्हणजे घरचीच. मग चालेल. यल्ला, चल, उठव मला. आणि कोणाला सांगू नकोस हं. मी ठणठणीत आहे."

बाबांचं कॉन्ट्रॅक्ट संपून आई-बाबा पुण्याला परत गेले होते आणि माझं युनिव्हर्सिटीचं शिक्षण अर्धं राहिलं होतं. तेव्हा बाबांच्या ओळखीच्या मिलिंददादानं हा तोडगा काढला. तीन लहान व्हिला, मध्ये अंगण, फाटक एकच. तिन्ही घरांतली कर्ती माणसं पहाटे कामाला जायची ती अंधार पडल्यावर उगवायची. दिवसभर मागे उरायची त्यांची म्हातारी मंडळी. मी गच्चीवरच्या खोलीत राहायचं, सकाळी लेक्चर्स करायची आणि दुपारपासून या मंडळींमध्ये असायचं. "काही करायचं नाही गं, नुसतं असायचं," मिलिंददादा म्हणाला होता. मैत्रिणी मला ज्येष्ठ नागरिक संघाची सर्वांत तरुण सभासद म्हणून चिडवायच्या. मीही हसायचे. पण खरं सांगते, मला पहिल्या दिवसापासून धडकी भरली होती. नुसतं असायचं म्हणजे काय, तर कुणाला काही झालं की त्या वेळी समोर मी असणार! कोपऱ्यातल्या घरातल्या जोगळेकर काकू दुपारी जरा जास्त वेळ झोपल्या, तरी मी दारातून त्यांची छाती वरखाली होतेय ना ते बघून यायचे.

अक्का या मिलिंददादाच्या आई. मूळच्या नाशिकच्या. यजमान गेल्यावर मुलानं त्यांना इकडे आणलं. बुटका बांधा, चालणं तुरुतुरु, बोलणं त्याहून तुरुतुरु. आवारातल्या मांजरांना नावं देऊन त्यांच्याशी भांडायच्या. ड्रायव्हरशी, वाण्याशी, एसीवाल्याशी त्यांचं हिंदी असं काही चालायचं की समोरचा हसून निम्मं काम जास्त करून जायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, या बाईला भीती म्हणजे काय हे ठाऊकच नाही.

प्रत्यक्षात त्या दिवसभर घाबरलेल्या असत. मरणाला नाही, परत पाठवलं जाण्याला. मी येण्याआधी भिंतीपलीकडच्या घरात एक कुलकर्णी आजी राहत होत्या. त्या न्हाणीघरात घसरल्या, खुबा मोडला, आणि इथे दिवसभर बघायला कोणी नाही म्हणून मुलानं त्यांना गावाकडच्या वृद्धाश्रमात ठेवलं. सुरुवातीला रोज फोन व्हायचे. मग त्या फोनवर नुसत्या रडायला लागल्या. मग फोन उचलेनाशाच झाल्या. त्यांचं पुढे काय झालं हे आवारात कोणी मोठ्यानं बोलत नसे. पण त्या दिवसापासून तिन्ही घरांतल्या म्हाताऱ्यांनी आपापलं दुखणं लपवायला घेतलं आणि त्यांच्या पुढारी होत्या अक्का.

"हे बघ पोरी," त्या मला समजावून सांगायच्या, "म्हातारं माणूस इथे पाहुणं असतं. आणि पाहुण्यानं आजारी पडू नये."

"अहो, पाहुणं कसलं? मुलाचं घर आहे तुमच्या."

"मुलाचं आहे. म्हणून तर. परका असता तर भांडले असते."

त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. मिलिंददादाला संशय आला म्हणून तो अधूनमधून म्हणायचा, "आई, वाच बरं हे." तर अक्का दुपारीच मला फोन हातात देऊन नातेवाइकांचे सगळे मेसेज वाचून घ्यायच्या, परवचा पाठ करावा तसे पाठ करायच्या आणि रात्री मुलासमोर फोन धरून खडाखडा 'वाचून' दाखवायच्या. एकदा तर फोन उलटा धरला होता. दादा दमून आलेला, त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या मात्र आलं.

आणि साखर होती. ती सगळ्यांना माहीत होती. सूनबाई, म्हणजे ऋचावहिनी, दर आठवड्याला वारांच्या खणांच्या डबीत गोळ्या भरून ठेवायची. डॉक्टरांनी उपासांना सक्त मनाई केली होती आणि तसं अक्कांनी कबूलही केलं होतं. आता गंमत बघा. संकष्टी त्या लग्न झाल्यापासून धरत आलेल्या. ती सोडणं शक्य नाही. साबुदाणा भिजवला तर घरात कळणार, म्हणून खिचडीही नाही. कडकडीत उपास. पानातली भाजीपोळी गुपचूप मांजरांच्या पुढ्यात. मग गोळी तरी घेऊ नये की नाही? तर तेही नाही! "औषध फेकायचं? माझा मुलगा उन्हातान्हात राबतो त्यासाठी? पाप लागेल." म्हणजे गोळी पोटात आणि पोट रिकामं. उपासही मोडायचा नाही आणि औषधही चुकवायचं नाही, असा दोन्हीकडून चोख हिशेब.

मला हे कळलं तेव्हा मी हादरले. "अक्का, साखर एकदम उतरली तर माणूस बेशुद्ध पडतं हो!"

"इतक्या वर्षांत पडले का?"

"मी दादाला सांगणार."

त्यांनी माझा हात धरला. त्यांचे हात गार होते. "सांग. मग मला नाशिकला पोचवायला तूच ये. तिथे आमच्या इमारतीत जिन्यातल्या सगळ्या दारांना कुलपं आहेत. आतून मी ओरडले तर कोणाला ऐकू जाणार आहे, तेवढं सांग." मी दादाला सांगितलं नाही. एवढंच कबूल करून घेतलं की संकष्टीला संध्याकाळपासून मी त्यांच्याजवळून हलणार नाही.

त्या संकष्टीला दुपारपासून धूळ उठली होती. दोह्यात अशी धूळ उठली की आकाश नावाची गोष्ट उरत नाही. समोरच्या मशिदीचा मिनारसुद्धा दिसेना. मिलिंददादा उत्तरेकडच्या प्लांटवर शिफ्टला, वहिनी ऑफिसच्या जेवणाला अल वक्राला गेलेली. अक्का अंगणात खुर्ची टाकून पूर्वेकडे तोंड करून बसल्या. मी फोनवर बघितलं आणि म्हटलं, "अक्का, उगवला चंद्र. धुळीमुळे दिसत नाही एवढंच. सोडा उपास."

"तो फोनातला चंद्र. माझ्या कॅलेंडरात अजून वेळ आहे."

"ते कॅलेंडर नाशिकचं आहे हो! इथल्या घड्याळात तो त्याच्या आधीच उगवतो."

"चंद्र काय दोन आहेत?" त्या म्हणाल्या आणि हसल्या. हसल्या, पण कपाळावर घाम होता. आणि हवा तर तेव्हा चांगली गार होती.

त्या काहीतरी पुटपुटायला लागल्या. मला 'शालू' म्हणाल्या. शालू ही त्यांची धाकटी बहीण, कधीच वारलेली. "शालू, घंगाळात पाणी काढ." हात थरथरत होते, साडी घामानं भिजली होती. मी किंचाळले, "अण्णा! अहो अण्णा!" आवारातल्या मधल्या घरातून परभणीचे अण्णा अनवाणी धावत आले. "काय झालं वो?" मी म्हटलं, ॲम्ब्युलन्सला फोन लावा, आणि स्वयंपाकघरात पळाले. पेल्यात साखर किती ओतली देव जाणे.

आणि अक्का तोंड उघडेनात. डोळे अर्धे मिटलेले, भान असं नाहीच, पण ओठ गच्च. पेला लावला की मान फिरवायच्या. "चंद्र," एवढंच म्हणायच्या. "चंद्र नाही."

मला रडू फुटलं. मी त्यांना हात जोडले, ओरडले, शेवटी त्यांची हनुवटी धरून मान वळवली. फाटकाबाहेर रस्त्यावरचा दिवा होता. धुळीत त्याचा नुसता पिवळट गोळा झालेला. "तो बघा, अक्का! दिसला! तो काय!"

त्यांनी डोळे उघडले. बघितलं. थरथरते हात कसेबसे जोडले, कपाळाला लावले, आणि तोंड उघडलं. मी घोट घोट पाजत गेले. पेला संपेपर्यंत त्यांची नजर त्या दिव्यावर होती. मग हळूहळू ती माझ्याकडे वळली आणि त्या म्हणाल्या, "मुक्ता, तू का रडतेस?" मी तिथेच फतकल मारून खाली बसले.

ॲम्ब्युलन्स आली, हॉस्पिटल झालं. दादाला फोन मीच केला आणि सगळं सांगितलं. उपास, मांजरं, डोळा, पडणं, सगळं. तो अर्ध्या तासाच्या आत येऊन पोचला. प्लांट एवढा लांब, इतक्या लवकर कसा आला, हे त्या गडबडीत माझ्या डोक्यात आलं नाही. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर काही सांगता येत नव्हतं. अक्का पलंगावर पडून माझ्याकडे बघत होत्या.

"सांगितलंस?"

"हो."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

घरी आल्यावरही त्या माझ्याशी बोलेनात. वाईट त्याचं वाटलं नाही, वाईट वाटलं बाकीच्यांचं. मी दिसले की जोगळेकर काकू न विचारताच म्हणायच्या, "आम्ही दोघं अगदी बरे आहोत हं!" काका खोकला गिळायचे. अण्णांचा उजवा हात कापायचा, तो त्यांनी माझ्यासमोर पंच्याखाली घालायला सुरुवात केली. त्यांना वाचवायला ठेवलेली मी, आणि तीन घरं मलाच भ्यायला लागली. मी खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून रडायचे. वाटायचं, उद्या यांच्यातलं कोणी मला न कळताच जाईल.

पुढच्या शुक्रवारी सकाळी सुट्टी म्हणून सगळी घरं अंगणात चहाला बसली होती. मिलिंददादाचा चेहरा उतरलेला. तो खाकरून म्हणाला, "आई, तुझ्याशी जरा बोलायचं होतं. परत जाण्याबद्दल." अक्कांनी हातातली बशी खाली ठेवली. मी पाहत होते, त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला.

"थांब," त्या म्हणाल्या. "आधी मी बोलते. मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. या वर्षात पुष्कळदा पडले, कितीदा ते आठवत नाही. रात्री पाय बधिर होतात. दुपारी घरात एकटी असले की एवढ्यातेवढ्यानं दचकते. आणि तू मला पाठवशील या भीतीनं मला घास जात नाही. झालं. खलास. आता पाठव, नाहीतर ठेव. पण आता मी लपवणार नाही. दमले मी."

मिलिंददादानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रागावला. पण तो रडत होता. पन्नाशीचा माणूस, सगळ्यांसमोर.

"आई, माझी नोकरी गेलीय. नोटीस पीरियड चाललाय. त्या दिवशी मी प्लांटवर नव्हतोच, इथेच शहरात इंटरव्ह्यूला आलो होतो. तोही गेला. आपल्याला सगळ्यांनाच परत जायचंय. तुला एकटीला कोण पाठवतंय? तुला धक्का बसेल म्हणून मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ऋचालासुद्धा कालच."

"सगळे?" अक्कांनी विचारलं.

"सगळे."

"एका घरात?"

"अगं हो, आई!"

अक्का उठल्या. मला वाटलं पोराला जवळ घेतील. घेतलंही, पण आधी पाठीत एक चांगला धपाटा घातला. "मेल्या, तूही घाबरलेला, मीही घाबरलेली, आणि रात्री समोरासमोर बसून आमटीभात खात होतो! घाबरायचं तर बोलून घाबरावं रे!" मग त्या माझ्याकडे वळल्या, डोळे पुसत. "आणि ही पोर. तिला तर आपण सगळ्यांनी मिळून घाबरवलं."

थोड्या वेळानं अण्णांनी पंच्याखालचा हात बाहेर काढला आणि आपल्या सुनेसमोर टेबलावर ठेवला. तो कापत होता. "हे बी बघून घ्या," ते म्हणाले. जोगळेकर काका त्यानंतर मोकळेपणी खोकले.

अक्का मुलासुनेबरोबर परत निघाल्या त्या दिवशी मी एअरपोर्टवर गेले होते. काउंटरवर दादानं व्हीलचेअर मागवली. एक नेपाळी मुलगा ती घेऊन आला. त्यानं अक्कांना बसवलं आणि सवयीनं भराभर निघाला. अक्कांनी दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. मागे वळून माझ्याकडे बघायलाही त्यांना जमेना. मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, "बेटा, मेरेको बहोत भीती वाटती है. हळू चलाव!"

त्यातलं 'भीती' आणि 'हळू' त्या मुलाला कळलं असेल की नाही, कोण जाणे. पण तो थांबला, वाकून त्यानं त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि हळू चालवायला लागला.