बाबांचा गुडघा आम्ही घरी केला

विमा कंपनीचं पत्र मी बाबांना मराठीत सांगितलं. मोटरवर चालणारा गुडघा मंजूर होत नाही, कारण रुग्ण घरातल्या घरात, तेही आधाराने, जेमतेम चालू शकतो.

बाबा म्हणजे माझे सासरे. उभी हयात त्यांनी सरकारी बस चालवली, त्यातली बरीच वर्षं घाटात. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे टेक्सासमधल्या फ्रिस्कोला राहायला आले. दुसऱ्याच वर्षी नवा बूट डाव्या टाचेला लागला, मधुमेहामुळे जखम चिघळली आणि पाय मांडीतून काढावा लागला. क्लिनिकमधून मिळालेल्या कृत्रिम पायाचा गुडघा कडी घातल्यासारखा ताठ राहायचा. बसताना कडी काढायची, उठल्यावर पुन्हा लावायची. चालताना तो अख्खा पाय बाजूने फिरवून पुढे टाकावा लागे. दहा पावलांत त्यांना घाम फुटायचा.

पत्र ऐकून ते म्हणाले, "म्हणजे पाय नाही म्हणून मी चालत नाही, आणि चालत नाही म्हणून हे पाय देत नाहीत?"

"हो."

"लिहिणाऱ्यानं मला बघितलंय का?"

"नाही."

"मग त्याला काय डोंबल कळतंय?"

मी गोदामात खोकी उचलणाऱ्या रोबॉटचे हात डिझाइन करते. सांधे, मोटर, गिअर यांच्यातच माझा दिवस जातो. त्या पत्रातलं ते "जेमतेम" माझ्या इतकं डोक्यात गेलं, की मी तिथल्या तिथे म्हणाले, "बाबा, मी करू गुडघा?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "कर की. पण मला विचारून कर. पाय माझा आहे."

नवऱ्याला हे अजिबात पटलं नाही. "अगं, ते माझे वडील आहेत, तुझ्या ऑफिसातला रोबॉट नाहीत. पडले तर?"

प्रश्न योग्य होता. पण मी रागात होते. "आत्ता ते पडूनच आहेत की," मी म्हणाले. तो तडक उठून आत गेला.

कृत्रिम पायाची मांडीवर बसणारी वाटी क्लिनिकने मापाने केलेली होती, तिला आम्ही हात लावला नाही. खालचा गुडघा तेवढा बदलायचा होता. विद्यापीठांनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवलेली डिझाइन्स मी वाचली, त्यातलं झेपेल ते घेतलं. मोटर इलेक्ट्रिक स्केटबोर्डची, सांगाडा ॲल्युमिनियमचा, आणि पाऊल जमिनीला टेकलं हे कळायला तळव्यात सेन्सर. क्लिनिकच्या तंत्रज्ञाला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की याला मी होकार देऊ शकत नाही. मग कोणता स्क्रू किती आवळायचा ते त्याने दाखवलं.

गॅरेजमधली गाडी बाहेर उन्हात गेली. आत धरून चालायला दोन लोखंडी पाइप समांतर आडवे बसवले, वरच्या तुळईला गिर्यारोहकांचा पट्टा बांधला आणि तो बाबांच्या छातीभोवती आवळला. दर शनिवारी सकाळी चाचणी व्हायची. गुडघा टेबलावर फिरत असला, की बाबा स्टुलावर बसून डोळे मिटून ऐकायचे.

"सेकंड गिअर घासतोय."

"बाबा, याला गिअर एकच आहे."

"मग तोच घासतोय."

उघडून बघितलं. घासतच होता.

चौथ्या शनिवारी एक वायर निसटली. मोटर बंद पडली आणि पूर्ण भार त्या पायावर असताना गुडघा दुमडला. बाबा पट्ट्याला लटकले. माझी किंकाळी ऐकून नवरा धावत आला.

"बास! आजपासून हे बंद."

"आधी मला खाली उतरव," बाबा लटकल्या लटकल्या म्हणाले, "मग काय बंद करायचं ते कर."

त्यांना खुर्चीत बसवलं. पाणी प्यायले आणि माझ्याकडे वळले. "हे बघ, आमच्या बसला हवेचा ब्रेक होता. हवा आहे तोवर स्प्रिंग मागं दाबलेली. हवा गेली, की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक आपोआप लागतो. घाटात म्हणून तर जिवंत राहिलो. तुझ्या गुडघ्यात वीज गेल्यावर धरणारं काय आहे?"

काहीच नव्हतं. आमच्या गोदामातल्या रोबॉटच्या हाताला तसा ब्रेक असतो, वीज गेली तरी खोकं खाली पडू नये म्हणून. खोक्याची काळजी घेणाऱ्या मला माणसाच्या बाबतीत ते सुचलं नव्हतं. बाबांनी मात्र विषय तिथेच संपवला. "आता बसव," एवढंच म्हणाले.

ब्रेक बसवला. मग तो लागतो का बघायला, ते चालत असताना मीच, त्यांना न सांगता, बॅटरी काढायला लागले. गुडघा जागच्या जागी धरला जायचा, ते डुलायचे, पाइपला धरून मला शिवी हासडायचे आणि पुढचं पाऊल टाकायचे. नवरा दारात उभा राहून बघायचा. एक दिवस आत आला आणि पट्ट्याची दोरी हातात धरून उभा राहिला.

वसंत ऋतूत बाबा काठी घेऊन रस्त्यावर निघाले. गुडघ्यावर कातडीच्या रंगाचं कव्हर घालायचं त्यांनी साफ नाकारलं. "लपवायला मी काय चोरून आणलाय?" हाफ पँट, वायरी, मोटरचा घुंईं आवाज. कुत्री फिरवणारे शेजारी थांबून बघायचे. बाबा त्यांना हात करायचे.

आमच्याकडे सगळ्या घरांच्या टपालपेट्या कोपऱ्यावर एकत्र असतात; तिथवर जाऊन ते एकदा टपाल घेऊन आले. पहिल्या नकारावर आम्ही विमा कंपनीकडे अपील केलं होतं, त्याचं उत्तर त्यात होतं. पुन्हा नकार, शब्दही तेच. मी म्हणाले, "बाबा, आधी बसा."

"नाही. वाच. मी उभा आहे."

ते शेवटच्या ओळीपर्यंत उभेच राहिले. मग म्हणाले, "परत लिही."

मी परत लिहिलं. या वेळी सोबत व्हिडिओ जोडला, आणि त्या तंत्रज्ञाने, मी न मागता, आपलं पत्र दिलं. उत्तर अजून यायचंय. देवोत वा न देवोत, आम्ही लिहीत राहणार. तो गुडघा मिळणं हा बाबांचा हक्क आहे. आमचा गुडघा जड आहे, टेक्सासच्या उन्हात तापतो, तीन तासांत बॅटरी संपते. दुसरा, हलका, टेबलावर अर्धा झालाय.

हल्ली फिरायला नवराही जातो. वडील पडतील म्हणून दोन पावलं मागे राहून, हात पुढे धरून चालतो. परवा बाबा वैतागले, वळून बघायचेही कष्ट न घेता म्हणाले, "मागे काय चिकटलायस? हॉर्न दे आणि ओव्हरटेक कर."